उपोषणकर्त्यांची प्रकृती सुधारली

त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावात नव्या जिल्ह्यासाठी साखळी उपोषण सुरू झाले आणि माझ्या वडिलांचे गुडघे सुधारले. दोन्ही गोष्टी एकाच पत्र्याच्या शेडमध्ये घडल्या.

गाव नांदेड आणि लातूरच्या मधले. मी नांदेडच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. वडील एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गुडघे क्लच-ब्रेकवर गेलेले. विहारात वंदनेला सगळे खाली मांडी घालून बसत, वडील मागे भिंतीशी खुर्चीवर. सगळे खाली आणि आपण वर, हे त्यांना बोचत असे. येत्या बुद्ध पौर्णिमेला खाली बसायचेच, असे त्यांनी घरात जाहीर केले होते. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम मात्र त्यांनी एकदाही केला नव्हता.

उपोषणाचा कापडी मंडप वावटळीत फाटला, म्हणून जिल्ह्याची मागणी करणाऱ्या समितीने तहसीलसमोरचे रिकामे शेड घेतले. सकाळी अकरानंतर पत्रा इतका तापे की आत कुठे हात टेकवत नसे. उपोषणाला रोज नवी तुकडी बसे. न खाता दिवस काढायचा कसा, हा प्रश्न होता. पत्ते खेळताना फोटो वाईट येतो म्हणून समितीच्या अध्यक्षांनी पत्ते बंद केले होते. तेव्हा एका शाळेतले निवृत्त पी.टी. मास्तर उठले.

“पुण्यात माझ्या लेकीच्या घरापाशी खोलीत हीटर लावून योगा करतात,” मास्तर म्हणाले. “हॉट योगा म्हणतात. आधी काही खायचं न्हाई, अशी अट हाय.”

“मंग आपलं समदं तयारच हाय की,” त्या दिवशीच्या तुकडीत बसलेले वडील म्हणाले.

पहिल्या दिवशी वडिलांना पायाच्या अंगठ्यापर्यंत हात नेता आला नाही. आठवडाभराने नेता आला. “इंजिन तापल्याबिगर गिअर पडत न्हाई,” हे त्यांचे स्पष्टीकरण. हेच त्यांनी घरी पंख्याखाली करून पाहिले, तर गुडघा वाकेना. गुण पत्र्याचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला आणि ते कंटाळलेल्यांच्या पाळ्या मागून घेऊन रोज उपोषणाला बसू लागले. रात्री घरी जेवत.

बदल आईने आधी टिपला. वडील झोपेत ब्रेक दाबत. निवृत्तीनंतरही तिला लाथा बसत. त्या थांबल्या. चिडणेही कमी झाले. तिची तक्रार बनियनची होती. “टँकर आठ दिवसाला येतो. तुमचा घाम धुवायला पाणी कुठून आणू?” बनियन उन्हात वाळत घातले जाई आणि त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटत. इतका घाम गेल्यावर मीठ-साखरेचे पाणी प्यावे, असे मास्तरांनी सांगितले. त्याने उपोषण मोडते का, यावर शेडमध्ये दुपारभर चर्चा झाली. मीठ चालेल, साखर नाही, असे ठरले.

अध्यक्ष पेशाने वकील होते. त्यांनी मला बाजूला घेतले.

“पत्रकार साहेब, ‘उपोषणकर्त्यांची प्रकृती खालावली’ असं टाका ना.”

“कोणाची?”

“कोणाचीही चालंल.”

आम्ही दोघांनी शेडमध्ये पाहिले. ओळीने माणसे एका पायावर उभी होती. मी ‘प्रकृती स्थिर’ असे लिहिले. नांदेडच्या कार्यालयातून फोन आला की स्थिर ही बातमी होत नाही.

पुढच्या आठवड्यात नायब तहसीलदार निवेदन घ्यायला आले, तेव्हा शवासन चालू होते. भोवळ येऊन पडल्यासारखी, घामाने निथळलेली माणसे जमिनीवर पाहून त्यांनी लगेच ग्रामीण रुग्णालयातून डॉक्टर बोलावले. डॉक्टरांनी सगळ्यांचा रक्तदाब मोजला. सगळ्यांचा उत्तम निघाला. फक्त अध्यक्षांचा वाढलेला होता, आणि ते उपोषणाला बसलेले नव्हते.

“मग तशी काही घाई दिसत नाही,” नायब तहसीलदार म्हणाले आणि गेले.

अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी बैठक घेतली. “उद्यापासून योगा बंद. हे आंदोलन हाय का व्यायामशाळा? असे धडधाकट दिसलात तर जिल्हा कोण देईल?”

पौर्णिमा चार दिवसांवर होती. वडिलांची मांडी अजून अर्धीच पडत होती. डावा गुडघा वर राही. ते बसल्या जागेवरून म्हणाले, “बंद करा की, वकील साहेब. उद्यापासून उपोषणाला कोण बसणार, तेवढं सांगा.”

अध्यक्षांनी एकेकाकडे पाहिले. कोणी हात वर केला नाही. एकाची कंबर मोकळी झाली होती, दुसऱ्याला झोप लागू लागली होती. जिल्ह्याबद्दल कोणी काही बोलले नाही.

शेवटी तडजोड झाली. रस्त्याच्या बाजूला ताडपत्री सोडायची आणि जे करायचे ते आत करायचे, कोणाला दिसू नये. ताडपत्रीमुळे येणारा थोडा वाराही बंद झाला. मास्तरांच्या मते पुण्याच्या हीटरची बरोबरी तेव्हा कुठे झाली. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष देखरेखीसाठी म्हणून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पिळण्याजोगा होता.

“वकील साहेब, कसं वाटायलंय?” वडिलांनी विचारले.

“आखडलेली मान हलायलीय,” अध्यक्ष म्हणाले. “पण हे छापू नका.”

लेखी आश्वासन मिळाल्याने पौर्णिमेच्या आदल्या दिवशी उपोषण स्थगित झाले. सरबत दिले गेले. वडिलांनी ते घेतले आणि रिकाम्या होत असलेल्या शेडमध्ये जाऊन आणखी एकदा आसने केली.

सकाळी विहारात वडील दुसऱ्या ओळीत गेले. सतरंजीवर हात टेकला, उजवा पाय घेतला, मग डावा. डावा गुडघा चार बोटे वर राहिला. त्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि तो हळूहळू खाली गेला. बायकांच्या बाजूने आई त्या गुडघ्याकडेच पाहत होती. त्रिशरण झाले, पंचशील झाले, वंदना झाली. वडील शेवटपर्यंत खाली बसून होते.

उठताना त्यांना दोघांनी हात दिला.