डाव्या कोपऱ्याचा गुडघा

आमच्या महाविद्यालयाच्या कबड्डी संघावर गेल्या वर्षी एक स्मरणिका निघाली. तिची मधली चार पाने संघाच्या एकमेव विजेत्या हंगामाला दिली आहेत. डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या मुलाने गुडघा दुखावल्याचे प्रशिक्षकांपासून लपवले आणि केवळ जिद्दीवर अंतिम सामना खेळला, असे तिथे छापले आहे. तो प्रशिक्षक मी. लेखाने मला निर्दोष ठरवले आहे आणि ती निर्दोषता मला मान्य नाही.

दुसरी कथा पिंपळवंडीपासून बेल्ह्यापर्यंत चहाच्या टपऱ्यांवर सांगितली जाते. म्हाताऱ्याने जबरदस्तीने पोराला उतरवले म्हणे. तीही खोटी. मी जबरदस्ती केली नाही. मला तिची गरजच पडली नाही.

निवृत्तीनंतर आठ वर्षांनी मला परत बोलावले, ते दुसरा कोणी मिळेना म्हणून. माझ्या अनुभवाचा आदर वगैरे त्यात काही नव्हते. साथीमुळे त्या वर्षी स्पर्धा लांबत लांबत माघावर गेल्या. मुले कांद्याच्या लागणीतून उठून तशीच मैदानावर येत. आमच्या चढाया सामान्य होत्या. स्मरणिकेने त्यांना ‘वादळी’ म्हटले आहे, पण लिहिणाऱ्याने एकही सामना पाहिलेला नाही. आम्ही जिंकत होतो पकडीवर, आणि पकड म्हणजे तो डावा कोपरा. बुटका, रुंद पाठीचा, बोलायला कंजूष. चढाई करणाऱ्याचा घोटा एकदा त्याच्या हाती लागला की मी शिट्टीची वाट न पाहता वहीत गुण लिहून टाकत असे.

अंतिम सामन्याच्या तीन दिवस आधी त्याच्या गावची यात्रा होती. शर्यतींवरची बंदी उठून बैलगाडे पुन्हा घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीवर, उतरले, ते याच हंगामात. त्याच्या घराण्याने बंदीच्या सगळ्या वर्षांत गाड्यापुढे धावणारी घोडी विकली नव्हती. नुसती पोसली होती. तिच्यावर बसायचा मान घरातल्या तरुणाचा, आणि घरात तरुण तो एकटा. पण बंदी आली तेव्हा तो शाळकरी होता. घाट कसा चढायचा हे त्याला शिकवणार कोण आणि कुठे?

स्मरणिका म्हणते, मला हे ठाऊक नव्हते. मी घाटाच्या कडेला, शर्यत संपते त्या निशाणापासून वीस पावलांवर उभा होतो.

“सर, तुमचा कोपरा बघा, घोडीवर!” शेजारचा एक जण ओरडला.

“पडला तर आमचा आणि जिंकला तर तुमचा का रे?” मी म्हणालो. आसपासचे हसले. मीही हसलो.

निशाण ओलांडताना घोडी अडखळली आणि तो उजव्या गुडघ्यावर आदळला. मागून आलेले बैल कसे कोण जाणे, बाजूने गेले. आमच्याकडे रीत आहे, घाटात पडलेल्याने लंगडत बाहेर यायचे नाही. ती घराण्याची नाचक्की समजतात. ज्याला किरकोळ लागते तो विव्हळतो, शिव्या देतो, लोकांना हसवतो. ज्याला खरोखर लागलेले असते तो ताठ चालत येतो. तो ताठ चालत आला. कपाळाला भंडारा लावून घेतला आणि घोडीचा लगाम कोणाला दिला नाही. मी या मातीतला आहे, तरुणपणी त्याच घाटातून एकदा तसाच चालत बाहेर आलो आहे. त्या चालीचा अर्थ मला कोणी समजावून सांगायला नको होता.

दुखण्याची शंका असलेल्या प्रत्येक खेळाडूला मी सामन्याच्या सकाळी दहा उठाबशा काढायला लावत असे. हा माझा नियम. तोवरच्या चाळीस वर्षांत तो मी कोणासाठी मोडला नव्हता. त्या सकाळी त्याला विचारले, “पाय कसा आहे?”

“एकदम ओके, सर.”

“ठीक,” मी म्हणालो आणि पुढच्या मुलाकडे वळलो. उठाबशा सांगितल्या नाहीत.

शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने पुढे होतो. त्याने घोटा धरला आणि समोरच्याचे पूर्ण वजन गुडघ्यावर घेतले. घोटा त्याने सोडला नाही. मुले नाचत मैदानात शिरली, तेव्हाही तो खालीच होता. पुढे शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो कबड्डी खेळला नाही आणि घोडीवरही बसला नाही.

स्मरणिका हाती आल्यावर मी संपादकांना दुरुस्तीचे पत्र लिहिले आणि पाठवण्यापूर्वी त्याला बोलावले. बेल्ह्याच्या बाजाराला जाता जाता तो टेंपो थांबवून आला. अंगणातून येताना पाय ओढत होता. बाजेवर बसेना, खुर्ची मागून घेतली. पत्र दोनदा वाचून त्याने माझ्या हाती परत दिले.

“हे नका धाडू, सर.”

“खोटं छापलंय ते. मला माहीत होतं.”

“मला ठावं हाय तुमाला माहीत व्हतं. घाटात दिसला व्हता की तुमी, टोपी उडवत.”

“मग तू स्मरणिकेवाल्यांना तसं का सांगितलंस?”

“मी तुमाला फसवून खेळलो, तर तो गुडघा मी दिला. तुमाला माहीत असून खेळलो, तर तो तुमी घेतला. माज्याकडं दुसरं काय ऱ्हायलंय, सर? तेवढं तरी माज्या नावावर असू द्या.”

पत्र मी पाठवले नाही. इथे लिहितो आहे, कारण इथे त्याचे नाव नाही आणि माझेही नाही.

“चहा घेऊन जा,” मी म्हणालो.

“नको. बाजार भरला असंल.”

तो उठला. मी ओट्यावर उभा राहून पाहतो आहे, हे त्याच्या ध्यानात आले. मग अंगण ओलांडून टेंपोपर्यंत तो ताठ चालत गेला.