चिमणीच्या नळीतलं तेल

रविवारी सकाळी पुऱ्यांसाठी तेल तापत ठेवून मी फोनवर बोलायला बाहेरच्या खोलीत गेले. परत आले तर कढईने पेट घेतला होता आणि ज्वाळ चिमणीच्या जाळीपर्यंत पोचली होती. मी पाण्याच्या कळशीकडे धावले.

"पाणी नको, वहिनी!" माहेरपणाला आलेल्या माझ्या नणंदेने मला मागे ओढलं. तिने गॅस बंद केला, चिमणीचा पंखा बंद केला आणि कढईवर मोठं झाकण सरकवलं. ज्वाळ विझली.

"पंखा चालू राहिला असता तर आग नळीत ओढली गेली असती," ती म्हणाली.

दुपारी बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने चिमणीची नळी उतरवून दाखवली. आत काळ्या, चिकट तेलाचा बोटभर थर साचला होता. इतक्या वर्षांच्या फोडण्या आणि भजी तिथे थांबली होती! धूर बाहेर जातो, एवढ्यावर मी निर्धास्त होते. घरातल्या कुरबुरींनाही आपण असंच 'जाऊ दे' म्हणतो. त्या जातात, पण सगळ्याच जात नाहीत. कुणाला तरी हात घालून वाट साफ करावी लागते.

"पुढच्या वर्षी सफाईला येऊ का?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"तीन महिन्यांनी या. जाळी मी दर पंधरवड्याला धुणार आहे."

सकाळी राहून गेलेल्या पुऱ्या संध्याकाळी मीच तळल्या. दोनदा फोन वाजला. मी ओट्यापासून हलले नाही.