कोळशाची चिठ्ठी आणि माझा महाप्रोग्राम

ऐंशीच्या दशकात कम्प्युटर म्हणजे काय हे नागपुरात ज्या चौघांना ठाऊक होतं, त्यातले तिघे खोटं बोलत. चौथा मी. माझ्याबद्दल तुम्हीच ठरवा.

आमच्या हपिसातलं मशीन एवढं मोठं, की त्याच्या पोटात वरातीची पंगत उठली असती. ते तिघांची कामं भाड्यानं करायचं: कन्हानचा कोळसा डेपो, एक ट्रकवाला आणि कामठीचा सूत रंगवायचा कारखाना. तिघांना जोडणारा प्रोग्राम माझा. छिद्रं पाडलेल्या अडीच हजार पंचकार्डांची एकच चळत. ट्रकचे नंबर, कोळशाचा साठा, डेपोतून कोळसा सोडायच्या चिठ्ठ्या, सगळे एकमेकांच्या मांडीवर बसलेले. उद्घाटनाला मी छाती काढून जाहीर केलं, "आजपासून हातानं लिहिलेली चिठ्ठी डेपोच्या गेटवर चालणार नाही!" टाळ्या पडल्या. त्याच टाळ्यांनी पुढं माझी मान कापली.

झालं असं, की ट्रकवाल्यानं ट्रकच्या नंबरात एक अक्षर वाढवलं. मी सकाळी एक कार्ड बदललं. एकच! नंबर सरकला, त्यानं साठ्याला ढकललं, साठ्यानं चिठ्ठीला, आणि प्रिंटरमधून हातभर कागद निघाला, नुसत्या फुल्याफुल्यांचा.

समोर बाकावर कामठीचे रंगारी काका बसले होते.

"काहून गा बाबू, चिठ्ठी निघून नाही राहिली का?"

"निघतेच आहे काका. पाच मिनिटं."

"तुह्ये पाच मिनिटं नऊ वाजल्यापासून चालून राहिले. टाक्यांत लग्नसराईचं लाल सूत आहे. बॉयलरले दुपारपुरता कोळसा. पाणी थंडावलं का सुतावर चट्टे. मंग ते कोण घेते? हातानं लिहून दे ना!"

"गेटवाला घेणार नाही."

"काहून?"

नियम माझाच होता.

एक चूक काढावी तर दोन नव्या निघत. एसीच्या गारठ्यात मला एवढा घाम फुटला, की अंबाझरी तलाव भरला असता. एक वाजता काकांनी विचारणं सोडलं. शिव्या देणारं गिऱ्हाईक परवडतं हो. हे आपले टोपीची घडी घालत होते, मोडत होते.

तेव्हा डोक्यात आलं: चिठ्ठीला ट्रकचा नंबर हवा कशाला? कारखान्याचं नाव, वजन, तारीख. बस! बाकीचं लोढणं तिच्या गळ्यात मीच बांधलेलं. मी पंच मशीनवर बसलो आणि एका कोऱ्या कार्डावर तेवढंच उठवलं. वर अक्षरं, खाली छिद्रं.

काकांना मागं घेऊन स्कूटर अशी पळवली, की आमच्या सावल्या वाटेतल्या कामठीलाच उतरल्या.

कन्हानला गेटवाल्यानं कार्ड उन्हात धरलं. "हे काय होय?"

"नवीन चिठ्ठी."

"छिद्रं आहेत म्हंजे कम्प्युटरचीच. हातानं कोण पाडते एवढी?" त्यानं गेट उघडलं.

कोळसा कामठीला पोचला तेव्हा बॉयलर विझला होता. काकांनी पहिल्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला.

"हे गेली."

दुसरीत घातला. "कोमट आहे. पाह्यतं काय गा? फावडं घे!"

टेरिकॉटच्या पँटीत मी ट्रकभर कोळसा ओढला असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच. खरी चार घमेली. दुसरी टाकी वाचली.

दुसऱ्या दिवशी मी चळत फोडली. ट्रकचा प्रोग्राम वेगळा, साठ्याचा वेगळा, चिठ्ठीचा वेगळा. एकानं दुसऱ्याला ठरल्या नमुन्याचं एक कार्ड द्यायचं. दुसऱ्याच्या घरात डोकावायचं नाही. साहेब म्हणाले, "सगळी कार्डं एका डब्यात मावून राहिली होती, तीन काहून?" मी म्हटलं, "ट्रकवाला पुन्हा नंबर वाढवेल. तेव्हा त्याचा एकट्याचा डबा सांडू द्या."

हे सांगायला कामठीला गेलो. आता चिठ्ठी कधी अडणार नाही, काका. ते पहिल्या टाकीचं चट्ट्याचं सूत काळ्या रंगात बुडवत होते.

"चट्टे फक्त काळ्यातच लपतात," ते म्हणाले.

लग्नसराईत काळं कोण नेसतं, हे मी विचारलं नाही.