वाचायला पाहिजेत

दौंडहून पुण्याला जाणाऱ्या शटलमध्ये मी मांडीवर नोंदींची कार्डं पसरून बसलो होतो. 'शक्य', 'अनिवार्य', 'कर्तव्य' असल्या शब्दांची वेगवेगळी तर्कशास्त्रं, म्हणजे त्यांच्यावरून काय निष्कर्ष निघतो याचे नियम, असतात. अभ्यासकांसाठी त्यांची सूची करणं, हे तेव्हा माझं काम होतं.

केडगावला एक म्हातारे चढले आणि समोर बसले. फडक्यात बांधलेला डबा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. बराच वेळ कार्डांकडे बघून त्यांनी विचारलं, "काय लिवताय?"

"'होऊ शकतं', 'व्हायलाच पाहिजे' असं आपण बोलतो ना आबा, त्याचे अर्थ खाने पाडून लावतोय."

ते पुढं सरकले. "आमची मंडळी दवाखान्यात हाय. डाक्टर म्हणले, 'वाचायला पाहिजेत.' हे कंच्या खान्यात?"

मी कार्डं चाळली. ही आशा होती, अंदाज होता, की डॉक्टरांनी स्वतःवर घेतलेली जबाबदारी? वाक्य तिन्हीकडे बसत होतं. मी तीन कार्डं वेगळी काढून पुन्हा पुन्हा खालीवर करत राहिलो.

"तुमालाबी कळंना व्हय?" त्यांचा चेहरा सैल झाला. "मग ठीक हाय. मला वाटलं, अडाणी म्हणून मलाच कळलं न्हाई."

हडपसरला ते उतरून गेले. गाडी हलल्यावर माझ्या लक्षात आलं, त्यांच्या बायकोला काय झालंय, हे मी विचारलंच नव्हतं.