सहा चौदाला थांबवलेली गोष्ट

जानेवारीतला पहिला रविवार, सकाळचे सहा. हजर: मी; सासरे, माकडटोपीसह; मुलगी, कानात इअरफोन घालून; नवरा, बाथरूममध्ये, तिथूनच "हो हो" म्हणत. स्थळ: कलकत्त्यातल्या आमच्या डमडमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल. विषय एकच: मी शांत होणार होते, त्याची सर्वांनी नोंद घ्यावी.

आमच्याकडे दर रविवारी अशी बैठक होते आणि तिचं टिपण मी वहीत ठेवते. लोक हसतात. पण पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, हे आमच्या इमारतीत फक्त मला सांगता येतं, आणि ते विचारायला हसणारेच येतात.

शांत होण्याचं खूळ ऑफिसातून आलं. सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत मी प्रशासन बघते. डिसेंबरात तिथे सजगतेची कार्यशाळा झाली. हॉल, माइक आणि चहा या तिन्ही गोष्टींची व्यवस्था माझ्याकडेच होती, त्यामुळे सजग असलेली मी तिथली एकटीच होते. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवला आणि तो पाच मिनिटं खायला सांगितला. माझ्या शेजारचे बंगाली साहेब डोळे मिटल्या मिटल्या कुजबुजले, "दीदी, बेदाणा पुढे आला, खीर कुठे राहिली?"

मी हसले नाही, कारण उरलेल्या बेदाण्यांचं पाकीट कोणाच्या ताब्यात द्यायचं याचा विचार करत होते. बाईंनी नेमकं मलाच विचारलं, "चव कशी होती?" मला सांगता येईना. बेदाणा तोंडात नव्हता. तो कधी गेला, हेही माहीत नव्हतं.

ही गोष्ट मला लागली. माझ्या हातून कधी काही निसटत नाही, अशी माझी समजूत होती. म्हणून ठरवलं: रोज सकाळी सव्वासहा ते सहा पंचवीस, दहा मिनिटं, ध्यान. फ्रिजवर कागद लावला. एक, या वेळेत कोणी बोलायचं नाही. दोन, मिक्सर नाही. तीन, दार वाजलं तर नवऱ्याने उघडायचं आणि मासेवाल्याशी खुणेने व्यवहार करायचा. खाली महिन्याचे चौकोन, रोजच्या खुणेसाठी.

एक कान मोकळा करून मुलगी म्हणाली, "आई, तू शांत होणार आहेस की आम्ही?"

सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते जन्मले कलकत्त्यात, नोकरी केली बजबज गावच्या जूट मिलमध्ये, यंत्रदुरुस्तीच्या खात्यात. वय ब्याऐंशी. सकाळच्या चहाबरोबर ते मिलची एक गोष्ट सांगतात. एकंदर गोष्टी पंधरा असतील. पण रोज वाट बदलून नेतात, त्यामुळे ठरलेल्या ठिकाणी पोचतीलच याचा नेम नाही. आमच्या मुलीला जे काही धड मराठी येतं ते शाळेमुळे नाही आणि माझ्यामुळे तर नाहीच; ते या चहामुळे.

त्या रविवारीही त्यांची गोष्ट चालू होती. माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. सहा चौदा झाले तसा मी हात वर केला.

"बाबा, एक मिनिट."

"एक की दहा?"

"दहा."

"बरं," म्हणाले, आणि कप तोंडाला लावला.

मी आतल्या खोलीत जाऊन बसले. फोनमधला पुरुष अतिशय सावकाश म्हणाला, की विचार ढगांसारखे येऊ द्या, जाऊ द्या. माझे ढग एकटे येत नव्हते, तारखा घेऊन येत होते. दहा मिनिटांत मी आठवड्याच्या भाज्या ठरवल्या, लिफ्टच्या तक्रारीचा मसुदा केला आणि गीझरवाल्याला मनातल्या मनात दोनदा झापलं. डोळे उघडले तेव्हा फार हलकं वाटलं. चौकोनात खूण केली.

नऊ दिवस नीट गेले. दहाव्या दिवशी पाहुणे आले. मग मुलीची सराव परीक्षा, मग सोसायटीची सरस्वती पूजा, जिच्या फुलांची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण मी तिथे उभी होते. मग परत सुरू केलं, परत सुटलं. रोजची खूण करायला फ्रिजपर्यंत जावं लागे, म्हणून रविवारी आठवड्याच्या सात खुणा एकदम करू लागले. वेळ वाचतो. पुढे ध्यानालाही वेळ मिळेना, तेव्हा त्या दहा मिनिटांत दार लावून ऑफिसचे निरोप उरकू लागले. ते काम इतकं छान व्हायचं की ध्यानाचे फायदे मला मनापासून पटले. फेब्रुवारीच्या टिपणात मीच लिहिलं आहे: "घरात शांतता लक्षणीय वाढली."

मार्चमध्ये एका सकाळी सहा वीसला फोनची बॅटरी संपली. चार्जर आणायला मी बाहेर आले.

बाहेर तिघं टेबलाशी बसले होते. नवरा आवाज न करता चहा पीत होता. बावीस वर्षांच्या संसारात मला जे जमवता आलं नव्हतं ते. मुलगी पुस्तक उघडून ओठ न हलवता पाठ करत होती. सासरे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, ताठ बसून, घड्याळ बघत होते. मला बघून नवऱ्याने भुवया उंचावल्या: झालं? मी मान हलवली, नाही. चार्जर न घेताच आत गेले आणि अंधारलेल्या फोनसमोर उरलेली पाच मिनिटं काढली.

म्हणजे दोन महिने या घरात रोज दहा मिनिटं नेमाने बसत नव्हतं असं माणूस एकच होतं.

सहा पंचवीसला बाहेर येऊन म्हटलं, "बोला आता."

सासऱ्यांनी पेपर उघडला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की चहाबरोबरची गोष्ट नाही. आजच नाही असं नव्हे. किती दिवसांत नाही, हे मला सांगता येत नव्हतं. बेदाण्यासारखंच.

त्या रविवारच्या बैठकीत मी कबुली दिली. ती विषयपत्रिकेत "इतर" खाली ठेवली होती, पण मुलीने तीच आधी घ्यायला लावली.

"म्हणजे तू आत बसून मेसेज करत होतीस? मी इथे इतिहास मुक्याने पाठ केला!"

"फायदाच झाला ना?"

"आजोबांनी एक दिवस चुकवला नाही. त्यांना पाठव तुझ्या ऑफिसात शिकवायला."

"बेदाणा देत असतील तर जातो," सासरे म्हणाले. कित्येक दिवसांत एवढं लांब वाक्य त्यांच्याकडून आलं नव्हतं. मला धीर आला.

"बाबा, ती गोष्ट पुरी करा ना. पहिल्या दिवशी मी थांबवली ती."

"करतो की. कुठवर आलो होतो?"

मी नवऱ्याकडे बघितलं. "मी बाथरूममध्ये होतो," तो म्हणाला. मुलीने नुसतं कानाकडे बोट केलं.

"कुठवर ते सांग, तिथून पुढे सांगतो," सासरे म्हणाले. "पहिल्यापासून सांगायला आता दम नाही, सूनबाई. आणि पहिल्यापासून ऐकलीच होतीस तू. समोरच बसली होतीस."

अशा वेळी मी वहीवर भरवसा ठेवते. जानेवारीतलं पान काढलं. त्यावर लिहिलं होतं: "बाबा बोलत होते. ६.१४ ला थांबवले."

त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि ती ओळ शांतपणे वाचली.

"वेळ अगदी बरोबर लिहिली आहेस," म्हणाले.

नंतर स्वयंपाकघरात नवरा हळूच म्हणाला, "अगं, एवढं मनावर नको घेऊस. त्यांनाच आठवत नसेल."

बाहेरून आवाज आला, "आठवतंय! भोंगा झाला होता!"

मिलचा भोंगा दिवसातून अनेकदा व्हायचा आणि त्यांच्या प्रत्येक गोष्टीत निदान एकदा होतो. तरी ती ओळ मी वहीत लिहून घेतली.

फ्रिजवरचा कागद काढला. आता सव्वासहाला ज्याला बोलायचं त्याने बोलावं, मिक्सर फिरवावा. मी टेबलाशीच, सासऱ्यांच्या समोर बसते आणि डोळे मिटते. चार दिवस बसले की दोन दिवस सुटतं. सुटलेल्या दिवसाची खूण करत नाही, बसलेल्या दिवसाचीही नाही. फोनमधल्या सद्‌गृहस्थाला रजा दिली, कारण तो विचार जाऊ द्या म्हणतो आणि मला एक परत आणायचा आहे. डोळे मिटून मी ती सकाळ उभी करते: माकडटोपी, कपातली वाफ, त्यांचे हलणारे ओठ. आवाजाच्या जागी घड्याळच येतं. पण मागच्या आठवड्यात थोडं काही हाती लागलं.

"बाबा, त्यात एक डबा होता का?"

"होता."

"ॲल्युमिनियमचा?"

"पितळी." त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "पण तो केव्हाच येऊन गेला होता. पुढे चल."

हल्ली ते बोलतात. मासे महागले, मेट्रोत गर्दी वाढली, पेपरवाला गुंडाळी कुंडीत टाकतो, असं सगळं. गोष्ट मात्र सांगत नाहीत. नवी नाही, जुनीही नाही. आधीची पुरी झाल्याशिवाय पुढची काढायची नसते, असं त्यांचं म्हणणं. मुलगी परवा म्हणाली, "आई, लवकर आठव ना गं. जूनमध्ये मी हॉस्टेलला जाणार."

आजची यादी. लिफ्टवाल्याला फोन: झाला. मुलीचा फॉर्म: भरला. टाकी धुणे: झाले. भोंगा झाल्यावर गोष्ट कुठे थांबली ते आठवणे: बाकी.