माळ्यावरची मोहफुलं

सौंसर-पांढुर्ण्याच्या मित्रांनो, घरात जुनी मोहफुलं पडली असतील तर आजच फेका.

बाबानं घरी दारू काढणं दोन वर्षांआधी सोडलं. अर्धं पोतं माळ्यावरच राहिलं. काल उघडलं, तर फुलाईवर पांढरी बुरशी.

"दारूच्या कामाची नाही राहिली," बाबा म्हणाले. "पण फेकतो काऊन? बैलाले दे, ताकद येते."

मी टोपलं भरून चांद्या बैलापुढं ठेवलं.

आज सकाळी चांद्या उठलाच नाही. ढोरांचा डॉक्टर येईपर्यंत त्याचा जीव गेला होता. बाबा तेव्हापासून गोठ्यातच बसून राहिले.

त्यायले सांगितलं नाही, ते तुम्हाले सांगून राहिलो. चांद्यानं वास घेऊन तोंड फिरवलं होतं. मीच वरून गूळ टाकला.

ढोराले कळलं, मले काऊन नाही कळलं?