मापाचा लोहचुंबक

माझे भाऊजी शिंपी, आणि पक्के भांडखोर. गिऱ्हाईक दारात दिसलं की टेप हातात घेण्याआधी त्यांचं तोंड सुटायचं. "पोट आत घेऊ नका, शर्ट पोटालाही घालायचाय!" माझा डावा खांदा जरा उतरलेला आहे. त्यावरून पंधरा वर्षं माझा उद्धार झाला, आणि मला ते फार डाचायचं.

मग त्यांना नैराश्यानं गाठलं आणि ते सगळ्याला "चालेल" म्हणायला लागले. बाही आखूड, चालेल. भाजीत मीठ नाही, चालेल. गिऱ्हाइकं खूश होती. ताई मात्र तोंड दाबून रडायची. गोळ्या बदलून झाल्या, एका दवाखान्यात डोक्याला चुंबकाचे ठोके देऊन झाले, काडीचा फरक नाही. "मला माझा माणूस परत हवाय रे," ती म्हणाली, "शिव्यांसकट."

नव्या डॉक्टरीणबाईंनी आधी मेंदूचा स्कॅन काढला. "मागे सरसकट सगळ्यांना लावतात त्याच जागी चुंबक लावला होता. आता यांच्या मेंदूतली यांची जागा शोधू."

जन्मभर रेडीमेड कपड्यांच्या नावानं बोटं मोडणाऱ्या माणसाला रेडीमेड उपचार मिळाले होते! एरवी त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला असता. ते म्हणाले, "चालेल."

यंत्राजवळ धातू नको, म्हणून त्यांच्या कॉलरच्या आतून सतरा टाचण्या काढाव्या लागल्या. मग डोक्याला घट्ट टोपी, टोपीवर खूण, खुणेवर चुंबक. ठोक्याची ताकद ठरवताना त्यांचा अंगठा आपोआप उडाला. तो दुसऱ्या कुणाचा असावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

रोज मीच त्यांना न्यायचो. टकटक, टकटक, चालेल. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी टोपी हातात घेतली, उलटी केली आणि बाईंना म्हणाले, "ही शिवण वाकडी आहे."

मी ताईला फोन केला. "वाकडी म्हणाले? नक्की?" ती ओरडली आणि हातातलं काम टाकून धावत आली.

तोवर आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. भाऊजी माझ्याकडे निरखून बघत होते. "हा शर्ट कुठल्या गाढवानं शिवलाय? खांदा बघ!"

"तुम्हीच शिवलाय, भाऊजी. गेल्या वर्षी."

त्यांनी माझ्या खांद्यावरची शिवण बोटानं चाचपली. आता 'चालेल' येणार, असं मला वाटलं. ताईनं माझा दंड घट्ट धरला.

"काढ," ते म्हणाले.

वीस माणसांसमोर मी बनियनवर बसलो. नर्सकडून कात्री मागून घेऊन भाऊजी खांदा उसवत होते आणि माझ्या हाडांना नावं ठेवत होते. ताई रडत होती. मीही रडत होतो, आणि डावा खांदा जमेल तितका खाली पाडून बसलो होतो.